अ‍ॅम्प्लिफायरवाला

"तुला ताल कधीच नव्हता लेका. तुमच्याकडं अ‍ॅम्प्लिफायर होता म्हणून घेतला तुला."

मिसळीच्या रश्शात पाव बुडवत बेंजो पार्टीतला जुना मित्र सहज बोलून गेला. सगळे हसले. मीही हसलो. दहावीनंतर तीस वर्षांनी मिरजेत जमलो होतो.

आमची बेंजो पार्टी म्हणजे एक बेंजो, एक ढोलकी आणि खुळखुळ्यावर मी. बेंजो म्हणजे बुलबुलतरंगच, टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, वर पिकअप बसवलेला. मे महिन्यात सकाळी कृष्णेवर पोहायचं, दुपारी पत्र्याच्या खोलीत घामाघूम प्रॅक्टिस. सगळी धडपड गणपतीच्या मिरवणुकीसाठी. सतार-तंबोऱ्यांचं गाव आमचं, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं. आमच्या बेंजोला मात्र शेजारच्या काकूंचं "बंद करा रे ते!" एवढंच.

परतीच्या एसटीत मांडीवर ठेका धरून बघितला. दोनदा चुकला.

पण दोन उन्हाळे पार्टीतल्या एकानंही मला हे कळू दिलं नव्हतं. खुळखुळा जरा हळू वाजव, इतकंच म्हणायचे.

आता यावर चिडायचं, की पुढच्या वेळी मिसळीचं बिल मी द्यायचं?