तिसरा पत्रा: चिलखत जमले, राजाचा गाल फसला

सतराव्या शतकातला फ्रेंच खोदचित्रकार रोबेर नांतेय याने तांब्यावर कोरलेल्या, फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या व्यक्तिचित्राची नक्कल करताना माझा तिसरा पत्रा या आठवड्यात छापून झाला, आणि पहिल्या दोहोंप्रमाणे तोही चेहऱ्यातच फसला. चिलखत मात्र जमले. तेथे कोरणी स्थिर धरून वाळू भरलेल्या चामडी उशीवर पत्राच फिरवायचा, रेघ मध्ये खोल उतरवून टोकांशी उथळ करत न्यायची. शेजारच्या रेघांतले अंतर नीट राखले की शाई भरताच पोलाद चमकू लागते.

गालावर ही युक्ती चालत नाही. नांतेय तेथे सलग रेघा जवळजवळ टाळतो आणि बारीक ठिपके व तोकड्या रेघांवर भागवतो, त्यामुळे कागदाचा पांढरेपणाच त्वचेचे काम करतो. माझा हात जड पडला, नाकपुडीजवळ दोन रेघा खोल गेल्या, आणि ऐन पंचविशीतला राजा रात्रभर खतावण्या तपासलेल्या कारकुनासारखा दिसू लागला. मूळ चित्रातली सत्ता कशात आहे, हे मला या चुकीमुळेच उमगले. लढाईचा सगळा भार चिलखताने उचलला आहे. चेहऱ्यावर श्रमाची एकही खूण नाही.

नांतेयच्या सहीपाशी येणारे ‘अ‍ॅड व्हिव्हम’, म्हणजे ‘प्रत्यक्ष पाहून’, हे लॅटिन शब्दही मी आता निराळ्या नजरेने वाचतो. १६५८ मध्ये तो राजाचा अधिकृत खोदचित्रकार झाला आणि १६६० च्या राजाज्ञेने ही कला कारागीर-संघांच्या बंधनातून मुक्त झाली. तेव्हा ते दोन शब्द कौशल्यापेक्षा दरबारातल्या प्रवेशाची ग्वाही अधिक देतात. अशा छापांवर ‘राजाच्या परवान्याने’ अशीही ओळ असे, कारण राजाचा चेहरा कोणी छापायचा हेही राजाच ठरवी. (माझी नक्कल त्या हिशेबाने गुन्हाच म्हणायची.)

आपल्याकडच्या ताम्रपटांतही राजसत्ता तांब्यावरच कोरलेली असते, परंतु तेथे तो पत्राच दानाचा पुरावा असतो. पॅरिसमध्ये पत्रा कार्यशाळेत राही आणि राजाला कधीही न पाहिलेल्यांपर्यंत कागद पोहोचत.

चौथ्या पत्र्यावर चिलखत घेणार नाही. केवळ डावा गाल, ओठ आणि हनुवटी, तीही अधिक बारीक कोरणीने. चित्राभोवतीच्या लंबगोल चौकटीतली, छापात सुलट यावीत म्हणून उलटी कोरायची लॅटिन अक्षरे त्यानंतर.