झोपवायचं नाही, मांडीवर घ्यायचं

आमच्या चिऊला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, बाहेरून चढवावं लागतं. वय चार. तीन आठवडे होत आले की तिचा रंग उतरतो, ओट्यावर चढायलासुद्धा कडेवर घे म्हणते, आणि आम्ही समजतो की रक्ताची वेळ झाली. रक्त चढवायच्या आधीचं हिमोग्लोबिन साडेनऊच्या खाली जायला नको, असं डॉक्टर सांगतात. म्हणजे दर खेपेला हिमोग्लोबिन, क्रॉसमॅचचं (पिशवीतलं रक्त तिच्याशी जुळतं का ते बघायचं) सँपल, दर तीन महिन्यांनी अंगातलं लोह बघायला फेरिटिन, आणि या सगळ्यावर रक्त चढवायचं इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, वेगळं. गाव अमळनेरजवळ, दवाखाना जळगावला.

सुरुवातीला सँपल काढायची पद्धत ठरलेली होती. पोरीला टेबलावर आडवं करायचं, एकाने पाय धरायचे, एकाने खांदे, लॅबवाले दादा हात धरणार. चिऊ सुई टोचायच्या कितीतरी आधी, टेबल दिसलं की किंचाळायची. पुढे पुढे तर स्पिरिटचा वास आला की सुरू. मला तेव्हाच वाटायला लागलं होतं की ही सुईला कमी आणि चारी बाजूंनी धरून ठेवण्याला जास्त घाबरते. वर छताचा पंखा, भोवती मोठ्यांची तोंडं आणि हलता येत नाही. मोठं माणूससुद्धा घाबरेल.

घरचे आपापल्या परीने धीर द्यायचे. सासूबाई म्हणायच्या, "काही व्हत नही माय, मुंगी चावस तितलंच." एकदा चिऊने रडून झाल्यावर त्यांना ठणकावलं, "मुंगी नही शे ती, सुई शे!" त्या दिवसापासून घरात नियम झाला की खोटं बोलायचं नाही. आता मी सांगते, टोचेल, दुखेल, दहा आकडे म्हणेपर्यंत, मग बोळा लावायचा. आणि हे सांगायचं त्याच दिवशी सकाळी. आदल्या रात्री सांगितलं तर ती झोपत नाही आणि आम्हालाही झोपू देत नाही.

मांडीवर घेऊन सँपल देण्याची कल्पना वॉर्डातल्या एका जुन्या सिस्टरांची. खुर्चीवर मी बसते. चिऊ माझ्याकडे तोंड करून, पोट पोटाला लावून, पाय माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना. तिचा एक हात माझ्या काखेखालून मागे, उशी ठेवलेल्या टेबलावर. मी तिला मिठी मारलेली असते, त्यामुळे ती फार हलू शकत नाही, पण तिला ते धरून ठेवणं वाटत नाही. हात माझ्या पाठीमागे, त्यामुळे सुई दिसत नाही, आणि बघायचीच असेल तर मान वळवून बघता येते. आमची चिऊ बघते. काही मुलांना बघितलं की बरं वाटतं, काहींना नाही, हे त्यांनाच विचारावं.

लॅबवाले दादा आधी तयार नव्हते. "ताई, हलली तर परत टोचावं लागेल, झोपवा बरं." मी म्हटलं, "दादा, एकदा करून बघू, नाही जमलं तर झोपवते." जमलं. रडली, पण हात ओढला नाही. तेव्हापासून ते आम्हाला बघितलं की स्वतःच खुर्ची ओढतात. दवाखान्यात आपण काही मागितलं तर रागावतील, अशी आपल्याकडे धास्ती असते. गोड बोलून, गर्दी नसताना मागितलं तर बहुतेक जण ऐकतात.

दुसरी गोष्ट, बधिर करणारी क्रीम. लिडोकेन आणि प्रिलोकेन अशी दोन औषधं त्यात असतात, मेडिकलमध्ये मिळते. डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, कारण फार लहान बाळांना आणि जी६पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना ती धोक्याची ठरू शकते, आणि किती लावायची तेही वजनावर असतं. ही क्रीम लावली आणि लगेच टोचलं असं चालत नाही. जाड थर लावून वरून प्लास्टिकची पारदर्शक पट्टी चिकटवून निदान तासभर ठेवावी लागते. आम्ही पॅसेंजरने जातो. धरणगाव गेलं की मी ट्यूब काढते, जळगावला उतरून नंबर लागेपर्यंत तास होऊन जातो. दोन्ही कोपरांच्या खोबणीत आणि एका हाताच्या पाठीवर लावते, कारण शीर कुठे सापडेल ते आधी कळत नाही. उन्हाळ्यात घामाने पट्टी सुटते, मग वरून ओढणीची पट्टी बांधायची. डब्यात शेजारची बाई हमखास विचारते, पोरीला भाजलं का हो?

या क्रीमने कातडी पांढरी पडते, शिराही थोड्या आखडतात. म्हणून टोचायच्या जरा आधी ती पुसायची आणि हात कोमट करायचा. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते, तेव्हा शिरा अक्षरशः गायब होतात. मी थर्मासमध्ये गरम पाणी नेते, रुमाल भिजवून पिळून हाताला गुंडाळते. आणि पाणी पाजायचं, घरून निघाल्यापासून थोडं थोडं. मे महिन्यात तर जास्तच, कारण उन्हात पोर सुकलेली असेल तर शीर भरत नाही. लॅबवाल्यांना एवढंच सांगते की स्पिरिट पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं तर जास्त झोंबतं. आता हे चिऊच सांगते, "काका, वाळू द्या."

पण सगळ्यात जास्त फायदा झाला तो सुयाच कमी केल्याचा. आधी आदल्या दिवशी सँपलसाठी एक सुई आणि दुसऱ्या दिवशी इंट्राकॅथची दुसरी. डॉक्टरांना विचारलं, इंट्राकॅथ लावतानाच त्यातून सँपल निघेल का? ते म्हणाले, बघू. आता सकाळी लवकर इंट्राकॅथ लावतात, सलाईनने धुवायच्या आधी त्यातूनच हिमोग्लोबिनची जांभळ्या झाकणाची ट्यूब, क्रॉसमॅचचं सँपल, आणि त्या वेळी असेल तर फेरिटिनचंही. क्रॉसमॅच होऊन पिशवी येईपर्यंत आम्ही थांबतो आणि त्याच इंट्राकॅथमधून रक्त चढतं. यात एक अडचण आहे, अशा सँपलमधल्या पेशी कधीकधी फुटतात आणि लॅब ते परत मागते. एकदा मागितलंही. तरी हिशेब आमच्याच फायद्याचा. लहान मुलांसाठी अर्ध्या मिलीच्या छोट्या ट्यूब मिळतात, त्याही मागून घ्याव्यात. मुळात ज्या पोरीला रक्त कमी, तिचंच उगाच जास्त का काढायचं?

टोचताना तिच्या हातात भिरभिरं असतं. लांब फुंकर मारली की अंग सैल पडतं, शिवाय फुंकायच्या नादात पोर श्वास धरून बसत नाही. मोबाईलवरचं कार्टून आमच्याकडे फारसं चाललं नाही. घरी बिनसुईची सिरिंज आहे, बाहुलीचं रक्त रोज निघतं, बाहुली कधी रडते, कधी नाही.

दोनदा शीर मिळाली नाही तर थांबायचं, दुसऱ्या सिस्टरांना बोलवायचं, हे मी आधीच सांगून ठेवते. तिसऱ्यांदा त्याच माणसाने खुपसत बसण्यात कुणाचंच भलं नाही. झाल्यावर स्टेशनजवळ केळ्याचे वेफर्स घेतो. रडली तरी घेतो. बाकावरची मंडळी "शहाणी मुलं रडत नाहीत" म्हणतात तेव्हा मी त्यांना ऐकू जाईल असं म्हणते, "रड गं, फक्त हात नको हलवूस."

परवा वॉर्डात एक बाई भेटली, सात महिन्यांचं बाळ, पहिलीच खेप. तिला क्रीमचं सांगितलं नाही, ते डॉक्टरांना विचार म्हटलं. पण बाळ अंगावर पितं, तर पाजत असतानाच सँपल काढायला सांग, एवढं म्हटलं. सिस्टरांनीही होकार दिला. बाळ रडलं, पण लवकर थांबलं. तिची पुढची तारीख आमच्याच दिवशी आहे. लवकर ये, असं तिला बजावलंय, कारण ज्यांचा हात चांगला बसलाय ते दादा दुपारनंतर नसतात.