'संयुक्त' हा शब्द लिहू नका: दोन केव्हीके आणि एका बंधाऱ्याचा हिशोब, माझा अनुभव

आधीच सांगतो, कुठलं विद्यापीठ ते विचारू नका, अजून नोकरी करायचीय. राज्यात कृषी विद्यापीठं चार, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, आणि त्यांच्या हद्दी भिडतात असे तालुके भरपूर आहेत, सोलापूर-धाराशिव घ्या, जालना-बुलढाणा घ्या, हिंगोली-वाशिम घ्या. तसल्याच एका हद्दीवरच्या कृषी विज्ञान केंद्रात, म्हणजे केव्हीकेत, मी विषय विशेषज्ञ आहे. मध्ये नदी, नदीवर कोल्हापुरी बंधारा, आणि पलीकडचं गाव दुसऱ्या विद्यापीठाच्या केव्हीकेकडे. गाडीवर दहा मिनिटं.

२०२४ च्या जुलैत पलीकडच्या केव्हीकेतल्या मॅडमनी व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांच्या गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पाणी किती आणि पिकांना लागतं किती याचा हिशोब, पाठवला, सहज, बघा म्हणून. मी माझा शेजारी ठेवून बघितला तर बंधाऱ्याचं पाणी ८० टीसीएम त्यांनीही पूर्ण धरलेलं आणि मीही पूर्ण धरलेलं. म्हणजे नदीत ८० आणि कागदावर १६०. एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, आणि हरभऱ्याला एक पाणी पाच सेंटिमीटरचं धरलं तर हेक्टरी ५०० घनमीटर लागतं, दोन पाणी म्हटलं की हजार. म्हणजे नसलेल्या पाण्यावर आम्ही दोघं मिळून ८० हेक्टर हरभरा लावायला सांगत होतो! आणि लोक नुसता हरभरा थोडीच लावतात, गव्हाला पाच-सहा पाणी लागतं, ऊस तर सोडूनच द्या. मग फेब्रुवारीत बंधारा कोरडा पडला की दोन्ही गावं एकमेकांच्या मोटारीकडे बोट दाखवणार आणि आम्ही दोघं आपापल्या कार्यालयात प्रगती अहवाल भरणार.

ठरलं मग. दोन्ही गावांची एकत्र बैठक, एकच ताळेबंद, रब्बीच्या पेरणीआधी. मॅडम तयार, दोन्ही सरपंच तयार, आमचे प्रमुख म्हणाले करा. इथपर्यंत चार दिवस लागले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी प्रस्ताव वर पाठवला, विषयात लिहिलं 'संयुक्त पाणी ताळेबंद कार्यक्रम'. चूक इथंच झाली पण ते कळायला चार महिने गेले. तीन आठवड्यांनी फाईल परत आली, शेरा होता, 'कार्यक्षेत्राबाहेरील कार्यक्रम, संबंधित विद्यापीठाची संमती जोडावी'. ठीक. मॅडमनी तिकडून संमती मागितली, तर तिकडचा शेरा 'प्रथम प्रस्तावक विद्यापीठाची मंजुरी जोडावी'. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसली गत. मी दोन्ही शेऱ्यांच्या झेरॉक्स जोडून पुन्हा पाठवलं, म्हटलं आता तरी कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. उत्तर आलं की मग सामंजस्य करार करा.

सामंजस्य करार, एका बैठकीसाठी! ज्यात खर्च म्हणजे चहा, पोहे आणि एक फ्लेक्स. मसुदा तीनदा केला. एकदा परत आला कारण बोधचिन्ह डावीकडे कुणाचं हे ठरलेलं नव्हतं. खोटं वाटेल पण खरंच. दुसऱ्यांदा 'नोडल अधिकारी कोण' म्हणून, आणि तिसऱ्यांदा का ते मला अजून कळलेलं नाही, नुसतं 'चर्चा करावी' लिहिलेलं. चर्चेला गेलो तर साहेब दौऱ्यावर. त्या ऑफिसच्या बाहेरच्या लाकडी बाकावर मी एकूण किती तास बसलो असेन कोण जाणे, समोरच्या भिंतीवर 'पाणी अडवा पाणी जिरवा'चं जुनं पोस्टर होतं, त्याचा एक कोपरा सुटून पंख्याच्या वाऱ्यानं फडफड करायचा, तेवढीच काय ती तिथली हालचाल.

चीड कशाची येते सांगू का. दरवर्षी जॉइंट अ‍ॅग्रेस्कोत म्हणजे कृषी संशोधनाच्या बैठकीत, चारही विद्यापीठांचे शास्त्रज्ञ एकत्र बसतात, शिफारशी एकत्र मंजूर होतात. दोन्ही केव्हीके पुण्याच्या एकाच अटारीखाली, म्हणजे केव्हीकेंवर देखरेख करणाऱ्या संस्थेखाली, पैसाही आयसीएआरचाच, म्हणजे केंद्राच्या कृषी संशोधन परिषदेचा. आणि त्या शिफारशी सांगायला आम्ही नदी ओलांडायची तर करार.

ऑक्टोबर उजाडला. करारासाठी शंभरचा स्टॅम्प आणून ठेवलेला, तेवढ्यात किमान पाचशेचा नियम झाला, मग पाचशेचा आणला, खिशातून. आणि १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली. आता निकालानंतर या म्हणाले. मी म्हटलं साहेब, हरभरा आचारसंहिता पाळत नाही. ते म्हणाले, 'ते बरोबर आहे', आणि फाईल ड्रॉवरमध्ये टाकली. त्याच आठवड्यात इकडे बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, टाकले, पाणी तुंबायला लागलं आणि दोन्ही काठांवर पेरण्या सुरू. ताळेबंदाची हीच ती वेळ असते हो, पाऊस संपला, विहिरींची पातळी मोजली, पाणी किती ते कळलं आणि बी अजून पोत्यात आहे, एवढ्या पंधरा-वीस दिवसांत सांगितलं तर शेतकरी ऐकतो.

डिसेंबरात सुटलं ते आस्थापनेतल्या एका क्लार्क काकांमुळे, रिटायरमेंटला चार महिने राहिलेले. म्हणाले, 'सर, तुम्ही संयुक्त का लिहिता? संयुक्त आलं की करार आला. मॅडमना मार्गदर्शनासाठी निमंत्रण द्या, त्यांच्याकडून तुम्हाला एक घ्या. प्रमुखांच्या सहीत होतं.' दोन पत्रं, दोन दिवसांत काम. मला हसावं की रडावं कळेना. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, हे ऑगस्टमध्येच त्यांना विचारायचं नाही का. बरोबर आहे तिचं, आपण साहेबांच्या दारात बसतो आणि ज्याला फाईल कळते त्याच्या टेबलावरून पुढं जातो.

बैठक झाली २६ डिसेंबरला, बंधाऱ्याच्या भिंतीशेजारी सतरंजी टाकून. गहू गुडघ्याला आलेला, तेव्हा पीक बदला म्हणायची सोय नव्हती. मग ८० टीसीएम वाटायचे कसे यावर तासभर भांडण, शेवटी पलीकडचे एक आजोबा उठले आणि म्हणाले, 'मोटारी मोजा.' अख्खी सभा काठानं चालत निघाली. अलीकडे ३१, पलीकडे १९, आणि अलीकडच्या ३१ पैकी ४ पलीकडच्यांच्याच निघाल्या, पाइप नदीतून नेलेले! हे आमच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. ठरलं काय तर पाळ्या, दिवसाआड, आणि उन्हाळी भुईमूग कुणीच लावायचा नाही. ऐकलं बऱ्यापैकी. सगळ्यांनी नाही.

तुम्हाला असं काही करायचं असेल तर पाऊस दोन्हीकडचा वेगळा धरा, आमची गावं वेगळ्या महसूल मंडळात आहेत, महावेधचा, म्हणजे मंडळातल्या हवामान केंद्राचा, आकडा एकाचा घेऊन दुसऱ्याला चालत नाही. आणि दोन्ही निमंत्रणांवर तारखा वेगळ्या टाका, सकाळ-दुपार नको, प्रवासभत्त्याला अडकतं. हां, आणि पत्र दिलं की पोचेवर आवक क्रमांक तिथंच उभं राहून घ्या, माझं एक पत्र 'मिळालंच नाही' म्हणून महिना गेला होता, हे वर लिहायचं राहिलं.

यंदा आम्ही जुलैतच एकमेकांना निमंत्रणं देऊन मोकळे झालोय. पाचशेचा तो स्टॅम्प अजून ड्रॉवरमध्ये आहे, सहा महिने उलटून गेले, आता तोही बाद.