गोदाने सिंध ओलांडली: एकटीचा खेळ, बैठक 11 ते 16

मागच्या नोंदीत गोदा किल्ल्यावरून खाली उतरली होती. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. हा एकटीने खेळायचा कथाखेळ: गोष्ट मी लिहिते, पुढे काय होणार ते अडलं की फासे ठरवतात. साल 1780, 3 ऑगस्टची रात्र. इंग्रज कंपनीच्या कॅप्टन पॉपमचे शिपाई शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला चढले, पाय घसरू नयेत म्हणून कापूस भरलेले लोकरी जोडे घालून. शिंद्यांचा किल्ला एका रात्रीत गेला. गोदा ही किल्ल्यावरच्या कारकुनाची पोर. बापाने दिलेली थैली घेऊन तिला महादजींच्या छावणीपर्यंत पोचायचंय. इतिहासात ना गोदा आहे ना थैली, त्यामुळे मला मोकळं रान.

साहित्य तेच. हो-नाहीच्या प्रश्नांना ‘मिथिक’ या नियमसंचाचा कौल (फाशांवरून उत्तर देणाऱ्या ऑरॅकलला मी कौलच म्हणते, तोंडात बसतो), धावपळ-हाणामारीला ‘आयर्नस्वॉर्न’ या खेळाचे फासे. ते 2018 चं आहे आणि फुकट मिळतं, अजून पाहिलं नसेल तर पाहाच. शिवाय दोनशे पानी रजिस्टर.

बैठक 11 मध्ये फजिती. गोदाला बाड्यावर चणे घ्यायला लावले आणि पानभर गर्दी रंगवली. मी राहते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, तिथला बाडा चौक रोजचा पायाखालचा. दुसऱ्या दिवशी दूध तापवताना डोक्यात आलं, अगं, लष्कर वसलं तेच 1810 मध्ये दौलतरावांच्या छावणीमुळे! गोदाच्या वेळी कुठला बाडा? पान फाडलं नाही. समासात ‘बाजार किल्ल्याखालच्या जुन्या गावात’ असं लिहिलं आणि पुढे गेले. डागडुजी करत बसलं की एकटीचा खेळ तिथेच बसतो.

12 आणि 13 म्हणजे निव्वळ चिखल. नरवरच्या बाजूला सिंध नदीचा उतार, गोदा काठावर. नाव आहे का? नावाडी आहे का? पाऊस थांबलाय का? भाडं जास्त मागतो का? नऊ प्रश्न विचारून झाले तरी पोरीने पाऊल उचललं नव्हतं. पान वाचलं तर कोर्टातली उलटतपासणी वाटावी. रजिस्टर तीन आठवडे कपाटात पडलं. शेवटी आत्यानेच विचारलं, “काय गं, रमल टाकणं बंद केलंस का?”

मग जुनी पानं चाळली. ऑगस्टात सिंधेला पूर असणार, उतारावर नाव असणार, हे मला ठाऊकच होतं. ठाऊक असलेलंच मी कौलाला विचारत होते, म्हणजे गोष्ट फसली तर खापर फाशांवर फोडता येतं. आता ‘हो’ आणि ‘नाही’ या दोन्हींनी गोदाची वाट बदलणार असेल तरच विचारते. एरवी सरळ लिहून टाकते.

बैठक 14. अख्ख्या प्रसंगात तीन प्रश्न. त्यातला दुसरा: नावाडी गोदाला ओळखतो का? शक्यता समसमान, गोंधळांक (गोष्ट किती हाताबाहेर गेलीय त्याचा आकडा) 5, म्हणजे शंभरात 50 पर्यंत होकार. फासे पडले 44. होकार तर झालाच, पण जोडीचा आकडा, आणि 4 हा गोंधळांकाच्या आत, म्हणून सोबत एक अनपेक्षित घटना. त्यासाठी शब्द काढायचे असतात. मूळ तक्ते सोडून मी शंभर मराठी शब्दांची यादी केलीय, तीतून निघाले ‘परत’ आणि ‘मीठ’.

आता परत मीठ म्हणजे काय करायचं? चहा गार झाला. नावेत मिठाची पोती आहेत? बापाची काही उधारी? मग एकदम लागलं: खाल्ल्या मिठाला जागणं! नावाडी तिला ओळखतो, पण त्याने मीठ खाल्लंय गोहदच्या राण्याचं, ज्याच्यासाठी पॉपम लढत होता. भर धारेत त्याने नाव परत फिरवली. इंग्रजी तक्त्यातून हे मला सुचलं नसतं. त्या यादीवर दोन रविवार गेले होते, ते वसूल झाले.

बैठक 15 लहानच झाली. गोदाने उडी टाकली. सहापैलू फाशावर 4, तिचा गुण 2, एकूण 6. समोरचे दहापैलू फासे 3 आणि 9. एकाला हरवलं, एकाला नाही, म्हणजे काम झालं पण किंमत मोजून. पलीकडचा काठ मिळाला, थैलीतलं पत्र भिजलं. गोंधळांक वाढून 6.

16 मध्ये धर्मशाळेच्या ओसरीवर तिने पत्र वाळवलं. शाई पसरलेली. वाचता येणारे तीन शब्द यादीतूनच काढले: ‘सून’, ‘दिवा’, ‘तोतया’. तिसऱ्याला मी खुर्चीतून उठलेच. भाऊसाहेबांच्या तोतयाला देहदंड झाला 1776 मध्ये, गोदाच्या काळात ते प्रकरण जेमतेम चार वर्षांचं. ‘सून’ आणि ‘दिवा’ अजून कुठेच बसत नाहीत, तूर्त तसेच ठेवलेत.

हल्ली बैठक मुद्दाम प्रसंगाच्या मध्यावर थांबवते. पूर्ण करून उठलं की पुढच्या वेळी कोरं पान समोर येतं, आणि कोऱ्या पानापुढे मी कपाटं आवरायला लागते. म्हणून 16 इथे थांबवलीय: रात्र, दारावर थाप. बाहेरचा माणूस म्हणतो, “महादजीबावांकडून आलोय. थैली द्या.” गोदाने कडीवर हात ठेवलाय. प्रश्न लिहून झालाय, फासे अजून डबीत आहेत.