तुम्ही विचारलंत म्हणून: तो सिनेमा मी परत परत का बघते

‘सॅव्हेज ग्रेस’ परत का बघतेस? श्रीमंतांची थेरं, आईच मुलाला नासवते आणि शेवटी तोच तिला भोसकतो, त्यात बघण्यासारखं काय? इतक्यांनी विचारलंय की आता सांगूनच टाकते.

थेरं बघायला मी बसत नाही. ज्युलियान मूरने उभी केलेली ती आई, बार्बरा बेकलंड, बघते. सिनेमा खुनापाशी थांबतो. मला छळते ती खऱ्या प्रकरणातली त्याआधीची गोष्ट. जुलै १९७२ मध्ये मुलाने, अँटनीने, तिला लंडनच्या घरासमोर धावत्या गाड्यांपुढे ढकलायचा प्रयत्न केला. मैत्रीण मध्ये पडली म्हणून ती वाचली. पोलिसांनी त्याला धरलं, पण बार्बराने तक्रार द्यायला नकार दिला. ऑक्टोबरअखेर डॉक्टरांनी तिला बजावलं, हा खून करू शकतो. तिने ते उडवून लावलं. १७ नोव्हेंबरला त्याने तिला सुरीने भोसकलं.

भावाने आईचा हात पिरगळला तेव्हा मी १९ वर्षांची होते. तिचं मनगट सुजलं होतं. दुसऱ्या हाताने तिने फोन उचलला. मी तो काढून घेतला. “आजारी आहे गं तो, गुन्हेगार नाही,” म्हणाले. ते खरंच होतं, आजही मी तेच म्हणेन. पण आई काही बोलली नाही. आत गेली आणि तिने दाराला कडी लावली. आमच्या घरात रात्री कुणी आतून कडी लावत नसे.

कुणाला काही झालं नाही. म्हणजे, कुणी मेलं नाही.

आधी मी बार्बराला मूर्ख म्हणायचे. मग सगळा राग अँटनीच्या बापावर, ब्रूक्सवर काढला. त्याने मुलाच्या मानसोपचारांना सुरुवातीला नकारच दिला होता. बाप पैसेवाला असला की दोष द्यायला सोपं जातं. आमच्याकडे कुठे त्यांच्यासारखा बेकलाइट प्लास्टिकचा पैसा होता? फोन तरीही मीच काढून घेतला.

१९८० मध्ये ओळखीच्यांच्या खटपटीने अँटनी ब्रॉडमूरमधून, म्हणजे मनोरुग्ण गुन्हेगारांना ठेवतात त्या इंग्लंडमधल्या रुग्णालयातून सुटला, न्यूयॉर्कला आजीकडे गेला आणि आठवड्याच्या आत त्याने तिलाही भोसकलं. ती वाचली. खटपट करणाऱ्यांनाही तो आजारीच वाटला असेल. होताच.

भाऊ आता औषधं घेतो, बरा आहे. म्हणून मी बरोबर होते, असं म्हणवत नाही. चुकले म्हणावं, तर त्याच्याकडे बघवत नाही. आईला अजून विचारलेलं नाही. ती अजून कडी लावते.