तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याकडे भांडणं काऊन होत नाहीत?

परवा तर्री पोह्याच्या गाडीवर एकाने प्लेट हातात धरूनच विचारलं, "ताई, तुमच्या झाडंवाल्यांत भांडणं काऊन होत नाहीत? आम्हालाही असं काहीतरी सुरू करायचं आहे." पोहे गार होत होते, तिथे नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे.

आम्ही काही जण मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवर नागपूरच्या झाडांबद्दल लिहितो. लिहिणारे वीस-पंचवीस, बाकीचे वाचतात.

सुरुवातीला मी हौसेने स्वतःचा सर्व्हर थाटला आणि तोंडावर पडले. मॅस्टोडॉन हा एका मालकाचा वाडा नाही. हजारो वेगळे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या एकाच ठरलेल्या पद्धतीने एकमेकांशी बोलतात. पण नव्या सर्व्हरवरची माणसं ज्यांना फॉलो करतात, मुख्यतः त्यांचंच लिखाण तिथे येऊन पोचतं. आम्ही तिघं. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी दोनचा रस्ता! वर महिन्याचं भाडं. दोन महिन्यांत गाशा गुंडाळला आणि सगळ्यांना सांगितलं, जिथे खातं आहे तिथेच राहा, फक्त आपला हॅशटॅग लावा. २०२२ च्या नोव्हेंबरात आलेल्या ४.० आवृत्तीपासून हॅशटॅगलाच फॉलो करता येतं, त्यावर आमचं भागतं.

आता भांडणाचं. धंतोलीतले एक काका आमच्यात आले. निवृत्त, दृष्टी पूर्ण गेलेली, फोन त्यांना सगळं वाचून दाखवतो. मी सेमिनरी हिल्सच्या वाटेवरच्या बहाव्याचा फोटो टाकला, सोबत "अहाहा!" काकांनी लिहिलं, "अहाहा ऐकलं. बहावा सांगा ना."

फोटोला वर्णन जोडायची सोय तिथे आहे, दीड हजार अक्षरांपर्यंत. मी लिहिलं, "पिवळे घोस लोंबताहेत." काकांचा प्रश्न, "घोसातलं फूल आधी कुठलं उमलतं, वरचं की खालचं?" ठाऊक कोणाला! संध्याकाळी पुन्हा गेले. वरची फुलं उमललेली, टोकाला गोल कळ्या. फुलात पाच पाकळ्या, तीन पुंकेसर लांब आणि आकड्यासारखे वळलेले, बाकीचे आखूड. चाळीस वर्षं त्या झाडाखालून जाते आहे मी.

तेव्हापासून वर्णनाशिवाय फोटो कोणी बूस्ट करत नाही, म्हणजे आपल्या फॉलोअर्सपर्यंत पुढे पाठवत नाही. तिथे नुसत्या लाइकने पोस्ट पसरत नाही, बूस्ट करावी लागते, त्यामुळे एवढा धाक पुरतो. आणि वर्णन लिहायला बसलं की दहा मिनिटं जातात. तेवढ्यात निम्मा राग उतरतो, असा माझा अनुभव. नियमांची लांबलचक पाटी आम्ही लावलेली नाही. लावली तरी वाचतं कोण?

एकदा मात्र चांगलंच पेटलं. रस्तारुंदीत एक जुना कडुनिंब गेला. कोणीतरी बुंध्याचा फोटो टाकून शिव्या घातल्या, बाहेरच्या लोकांनी बूस्ट करकरून अजून तेल ओतलं. दोघांना मी म्यूट केलं, एकाला ब्लॉक. तो अजून माझ्यावर नाराज आहे, असू दे. पण काकांनी फोटो टाकणाऱ्या त्या रागावलेल्या पोराला विचारलं, "घेर किती होता?" मोजला कोणीच नव्हता. महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचं संरक्षण दिलं आहे, आणि वयाचा अंदाज बांधायला घेर लागतो. आता तोच पोरगा शिवणकामाचा टेप खिशात घालून हिंडतो, छातीच्या उंचीवर बुंधा मोजतो आणि आकडा टाकतो.

काल त्याने बहाव्याच्या शेंगेचा फोटो टाकला. वर्णनात "वीतभर लांब". काकांना शंका आली, त्यांनी नातवाला खाली पडलेली शेंग आणायला पाठवलं आणि स्वतः चाचपली. हातभर भरली.