मेंढ्याला जाताय? परतीची एसटी आधीच ठरवू नका

'एक लेखा-मेंढा द्या,' म्हटल्यावर कंडक्टरने मान वर करून विचारलं, 'लेखा की मेंढा?' वर्तमानपत्रांत गडचिरोलीकडच्या या ग्रामसभेच्या बातम्या येतात, त्यांत हे नाव जोडून वाचायची सवय, त्यामुळे मला ते एकच गाव वाटायचं. लेखा वेगळं, मेंढा वेगळं. मेंढा नावाची गावं या भागात बरीच, म्हणून कागदोपत्री हे 'मेंढा (लेखा)'. तिकीट मेंढ्याचं काढलं, पण डोळा लागला आणि थेट धानोऱ्याला उतरलो. तिथून तीनेक किलोमीटर उलटं चालत आलो. फेब्रुवारीचा शेवट, पळस फुललेला, त्यामुळे चालणं वाया गेलं नाही.

नागपूरहून उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोलीला पोचायला साडेचार तास लागले. (ब्रह्मपुरी सोडल्यावर वैनगंगा लागते. खिडकी कुठल्याही बाजूची असू दे, पात्रच एवढं रुंद आहे.) गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारी गाडी धरायची. वाटेत चातगाव लागतं, तिथेच डॉ. बंग दांपत्याचं शोधग्राम. दोन्ही एका दिवसात उरकू, असा बेत माझाही होता. तो करू नका.

गावाच्या फलकावर ती प्रसिद्ध ओळ आहे: 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. पाहुणे त्यापुढे फोटो काढतात, मीही काढला. गाव गोंडांचं, घरं शंभराच्या आसपास. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांविरुद्ध आदिवासींचं आंदोलन झालं, त्यातून इथली माणसं एकत्र बसायला लागली. पुढे गावातलेच देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं या गावाशी जोडली गेली. वनहक्क कायदा 2006 चा. 2009 मध्ये मर्दा गावासोबत मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. पण हक्काचा कागद हातात आला तरी बांबू विकायला वाहतूक परवाना लागायचा, आणि तो तेव्हा वनखात्याच्या हातात. त्यावर दीड-दोन वर्षं झगडा चालला. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. पुढे 2013 मध्ये गावाने ग्रामदानही केलं, म्हणजे आपापल्या जमिनींची मालकी गावाकडे सोपवली.

हे सगळं घरबसल्या वाचता येतं. जायचं ते ग्रामसभेसाठी.

मी गेलो त्या संध्याकाळी प्रश्न साधा होता: पुढची बांबूतोड कुठल्या तुकड्यात करायची, नाल्याजवळच्या की लांबच्या. चर्चा गोंडीत. शेजारी बसलेला कॉलेजातला मुलगा मला हळू आवाजात मराठीत सांगत होता. बहुतेकांचा कल जवळच्या तुकड्याकडे, वाहून आणायला सोपं. मागे बायकांत बसलेली एक म्हातारी म्हणाली, तिथलीच बांबूची बेटं आम्हाला पावसाळ्यात वास्ते देतात, ती खरडली तर भाजी कुठून आणू? (वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब.) पुरुषांपैकी दोघांनी समजावून पाहिलं. तिने मान हलवली नाही.

आमच्या पुण्याच्या सोसायटीत अशा वेळी सेक्रेटरी 'हात वर करा' म्हणतात, ठराव मंजूर होतो आणि मग तीन वर्षं पार्किंगवरून भांडण चालतं. इथे मतदानच नाही. सर्वसहमती झाली तर निर्णय, नाही तर परत बसायचं. दोन तासांनी एवढंच ठरलं, की सकाळी म्हातारीला घेऊन चार-पाच जण नाल्याजवळ जाऊन बेटं पाहून येतील. तोवर माझी शेवटची एसटी निघून गेली होती.

एका घरी राहायची सोय झाली. भात, वरण, मोठ्या पळीने वाढलेली भाजी. तालुका मलेरियाचा आहे, म्हणून मच्छरदाणी आपली आपण न्यावी. मी नेली नव्हती, त्यांची वापरली आणि घरातलं एक माणूस त्या रात्री मच्छरदाणीशिवाय झोपलं. अजून लाज वाटते.

आधी निरोप धाडल्याशिवाय जाऊ नका. ग्रामसभेला विचारूनच बाहेरच्याने यावं, अशी अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. कोणी दिवसभर तुम्हाला माहिती देत बसावं, हे मनात धरू नका. माणसं शेतात नाही तर जंगलात असतात. अभ्यास गट बसणार असेल तर मात्र नक्की बसा. तिथे निर्णय होत नाही, नुसता विषय सोलला जातो, आणि बाहेरच्याला बोलायची मुभा असते. ग्रामसभेत तोंड मिटून ऐकायचं. पावसाळा टाळा, कठाणी नदी फुगली की रस्त्याचा भरवसा नाही. मोह वेचायच्या दिवसांत, मार्च-एप्रिलमध्ये, पहाटे गाव रिकामं असतं. रोख पैसे गडचिरोलीतच काढून घ्या. दारू नेऊ नका, हे सांगायला लागू नये, पण सांगतो. आणि भेटल्यावर 'जोहार' म्हणा.

सकाळी मीही त्यांच्यामागून नाल्याकडे गेलो. म्हातारी एकेका बेटाला हात लावून काहीतरी सांगत होती. एकाने वहीत खुणा केल्या. मला वाटलं, झालं. फाट्यावर सोडायला आलेल्या मुलाला विचारलं, 'मग कुठला तुकडा?'

'ठरलं नाही जी. बुधवारी बसू परत.'